‘एअरप्लेन २’ कोणाचा? एक खुलासा

‘एअरप्लेन २: द सिक्वेल’ (1982) हा अमेरिकी विनोदी चित्रपट मूळ ‘एअरप्लेन!’च्या (1980) दिग्दर्शक त्रयीनेच केला आणि त्यात पहिल्या भागातला अभिनेता लेस्ली नील्सनही आहे, असे सांगणारा मजकूर सध्या फिरत आहे. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. ही त्रयी, म्हणजे जिम एब्रहॅम्स आणि झुकर बंधू, यांचा या दुसऱ्या भागाच्या निर्मितीत सहभाग नव्हता. त्याचे लेखन व दिग्दर्शन केन फिंकलमन यांचे आहे. नील्सनही त्यात नाही. पहिल्या भागातले मुख्य कलाकार रॉबर्ट हेज आणि ज्युली हॅगर्टी मात्र परतले आहेत, कदाचित त्यामुळेच हा घोळ झाला असावा.

मूळ चित्रपट 1957 च्या ‘झीरो अवर!’ या गंभीर विमाननाट्याचे कथानक, त्याचे हक्क घेऊन, जवळजवळ जसेच्या तसे वापरतो, आणि त्यातली गंमत पात्रांच्या निर्विकार चेहऱ्यांत आहे. दुसऱ्या भागात विमानाच्या जागी चंद्राकडे निघालेले अंतराळयान आणि बिघडलेला संगणक येतो. विनोद बरेचसे जुनेच आहेत, हा आक्षेप रास्तच आहे. तरीही चंद्रतळावरचा विल्यम शॅटनर पेरिस्कोपला डोळा लावतो आणि त्याला ‘स्टार ट्रेक’ या मालिकेतले, तो स्वतः जिथे कप्तान होता ते, एंटरप्राइझ यान दिसते, तो क्षण या भागाचा स्वतःचा आहे.