रिपोर्टमध्ये ठळक काही नाही, म्हणून सगळं ठीक?

सोसायटीच्या ग्रुपवर महिनाभरात तिसऱ्यांदा तोच मेसेज फिरतोय: "एसजीपीटी चाळीसच्या आत आणि उपाशीपोटीची साखर शंभरच्या आत असेल तर लिव्हर आणि शुगर दोन्ही ठणठणीत. दारू न पिणाऱ्या सडपातळ माणसाला फॅटी लिव्हर होत नाही. बाकी तपासण्या म्हणजे लॅबवाल्यांचा धंदा." खाली नऊ अंगठे.

धंद्याचं आधी, कारण त्यात तथ्य आहे. 'फुल बॉडी' पॅकेजमधल्या कित्येक आकड्यांचं पुढे कोणी काहीच करत नाही. बाकीचा मेसेज मात्र टिकत नाही.

एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशींतलं एन्झाइम. पेशींना इजा झाली की ते रक्तात जास्त उतरतं. नुसती चरबी साठली असेल तर उतरेलच असं नाही. फॅटी लिव्हर असलेल्या कितीतरी जणांचा एसजीपीटी नॉर्मल येतो. काहींचा तर लिव्हर आतून कडक होऊ लागल्यावरही.

समजा, ५८ वर्षांच्या माणसाचा रिपोर्ट आहे. एसजीओटी (एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम) ३८, एसजीपीटी ३६, प्लेटलेट्स १.६ लाख. एकही आकडा ठळक छापलेला नाही. आता वयाला एसजीओटीने गुणा: २२०४. एसजीपीटीचं वर्गमूळ ६, त्याला प्लेटलेट्सच्या १६० ने गुणा: ९६०. भागाकार जवळजवळ २.३. याला फिब-४ म्हणतात. १.३ च्या खाली असेल तर लिव्हर फारसं कडक झालेलं नसावं, २.६७ च्या वर असेल तर धोका मोठा. हा माणूस मधोमध अडकला, म्हणजे पुढची पायरी फायब्रोस्कॅन, लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी. वेगळं रक्त काढलं नाही, वेगळे पैसे लागले नाहीत. मात्र फिब-४ चरबी मोजत नाही, कडकपणाचा अंदाज देतो. पस्तिशीच्या आत तो भरवशाचा नाही आणि पासष्टीनंतर खालची रेघ २ धरतात.

साखरेचं म्हणाल तर उपाशीपोटीचा आकडा फक्त रात्रीची गोष्ट सांगतो. सकाळी ९६, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १५०, असं होऊ शकतं. १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज, ५.७ ते ६.४ असेल तरी तेच. तोही डोळे मिटून मानू नये: लोह कमी असेल तर तो उगाच वाढलेला दिसू शकतो, सिकलसेल या रक्ताच्या आजारात फसवा कमी येऊ शकतो. आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन पाहता पहिली अडचण किरकोळ नाही.

आणि सडपातळ माणूस? इथे तर उत्तर पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. वजनकाटा दोघांबद्दल एकच बोलला. आपली चरबी पोटात आणि लिव्हरमध्ये जाऊन बसते, म्हणून पुरुषांच्या कमरेची मर्यादा आपल्याकडे ९० सेंटिमीटर धरतात, बायकांची ८०. दारूचा थेंब न घेणाऱ्यालाही हे चुकत नाही. चरबीने भरलेलं लिव्हर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, रात्रभर साखर सोडत राहतं आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबीही वाढवतं. लिव्हर आणि शुगर ही दोन वेगळी खाती नाहीतच.

हे सगळं मेसेज टाकणाऱ्या काकांना पाठवलं. रात्री साडेदहाला त्यांचा प्रश्न आला, "प्लेटलेट्स २.१ लाख लिहिल्यात, त्याचं काय करू?"

शंभराने गुणा काका. २१० घ्या.