एक्स-मेन आणि कोर्टाचा निकाल: खरं काय?

"अमेरिकेच्या कोर्टाने ठरवलं की एक्स-मेन माणसं नाहीत" अशी पोस्ट परत फिरतेय. एक्स-मेन म्हणजे मार्व्हल कंपनीच्या कॉमिक्समधले सुपरहिरो. पण पोस्ट अर्धवट आहे ओ ती. निकाल आहे खरा, जानेवारी २००३चा, पण कोर्ट होतं आंतरराष्ट्रीय व्यापाराचं आणि भांडण होतं कस्टम ड्युटीचं. अमेरिकेत तेव्हा बाहुल्यांवर १२ टक्के ड्युटी होती आणि बाकीच्या खेळण्यांवर ६.८, आणि बाहुली कशाला म्हणायचं तर जी फक्त माणसाचीच प्रतिकृती असते तिला. मग मार्व्हलचीच खेळण्यांची कंपनी टॉय बिझ कोर्टात जाऊन म्हणाली की आमची ही खेळणी माणसांची नाहीतच, ड्युटी कमी लावा! कस्टमवाले उलट म्हणत होते, अहो माणसंच आहेत ही.

न्यायाधीश बाईंनी एकेक खेळणं तपासलं, एक्स-मेनमधल्या वुल्वरिनच्या हातातून निघणारी ती लांब नखं वगैरे बघून निकाल कंपनीच्या बाजूने दिला. म्हणजे जे काय ठरलं ते प्लॅस्टिकच्या खेळण्यांपुरतं, कथेतल्या कॅरेक्टरचा काही संबंध नाही. आणि फक्त एक्स-मेन पण नव्हते, स्पायडरमॅन, फॅन्टॅस्टिक फोरच्या सिरीजची खेळणी पण होती त्यात, ते कोणी लिहीत नाही.

कॉमिक्समध्ये म्युटंट, म्हणजे एक्स-मेनसारखी पात्रं, १९६३पासून आईबापाच्या पोटी जन्मलेली माणसंच आहेत, फक्त जन्मजात पावर असलेली. "आम्ही पण माणसंच" हीच तर एक्स-मेनचा म्होरक्या प्रोफेसर एक्सची सगळी लढाई, आणि ६.८ टक्क्यांसाठी घरचेच उलटे बोलले 😄