“बघेपर्यंत चंद्र नसतो” म्हणे! क्वांटमवाल्या फॉरवर्डचा जरा हिशोब करूया

क्वांटम म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांच्या पातळीवरचं भौतिकशास्त्र, त्याच्या नावाने एक फॉरवर्ड सध्या ग्रुपाग्रुपात फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: हायझेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये सिद्ध केलं की जगात काहीच निश्चित नाही, वस्तू आपण बघतो तेव्हाच अस्तित्वात येते, आइनस्टाइनसुद्धा म्हणाला की बघितलं नाही तर चंद्र नसतो, माणूस भिंतीतून आरपार जाऊ शकतो, आणि म्हणून मनात पक्कं आणलं की वास्तव बदलतं. यातला हायझेनबर्ग खरा आणि १९२७ खरं. बाकीचं एकेक घेऊ.

“जगात काहीच निश्चित नाही.” हायझेनबर्गचं तत्त्व इतकं मोघम नाहीये हो, ते चक्क आकड्यात मांडलेलं आहे. वस्तूची जागा किती पक्की आणि तिचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, किती पक्का, या दोन्हींतल्या अनिश्चिततांचा गुणाकार एका ठरावीक आकड्याच्या खाली जात नाही. तो आकडा मीटर-किलो-सेकंदात लिहायचा तर दशांशचिन्हानंतर ३४ शून्यं आणि मग ५. बस, एवढंच. छोट्यांना एक नियम आणि मोठ्यांना दुसरा, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही, नियम एकच आहे, फरक पाडतं ते वस्तुमान.

आता करून बघा. क्रिकेटचा चेंडू घ्या, साधारण १६० ग्रॅमचा, आणि समजा त्याची जागा मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत माहीत आहे, तर त्याच्या वेगात किमान किती अनिश्चितता राहील? सेकंदाला दशांशचिन्हानंतर २७ शून्यं आणि मग ३, इतके मीटर. या वेगाने चेंडू विश्वाच्या जन्मापासून आजपर्यंत, म्हणजे जवळपास १३८० कोटी वर्षं सरकत राहिला असता तरी एखाद-दुसऱ्या अणूच्या रुंदीएवढाच हलला असता. थर्ड अंपायरने काळजी करू नये. आता तोच हिशोब इलेक्ट्रॉनला लावा, तो अणूच्या आकाराएवढ्या जागेत कोंबलेला आहे आणि वजन इतकं नगण्य की वेगातली अनिश्चितता येते सेकंदाला सुमारे ५८० किलोमीटर! म्हणून “इलेक्ट्रॉन आत्ता इथे आहे आणि या दिशेने या वेगाने चाललाय” हे वाक्यच तिथे टिकत नाही.

आणि ही काही नुसती मोजमापाची अडचण नाहीये, हे फॉरवर्डवाले सोडा, बरेच शिकलेले लोकही चुकीचं सांगतात. यंत्र चांगलं नाही किंवा मोजताना धक्का बसतो एवढ्यावर हे संपत नाही. इलेक्ट्रॉनला केंद्रकाच्या आणखी जवळ कोंबायला गेलात तर जागा पक्की होते पण संवेगाचा पसारा वाढतो, म्हणजे ऊर्जा वाढते, आणि दुसरीकडे केंद्रक त्याला आत ओढत असतं, या ओढाताणीत जिथे तोल साधतो तोच अणूचा आकार. म्हणजे चेंडूच्या उडण्यावर अनिश्चिततेचा परिणाम दिसत नाही, पण चेंडूतले अणू कोसळत नाहीत ते तिच्यामुळेच.

“बघितल्याशिवाय वस्तू नसते.” इथे सगळा घोळ ‘बघणं’ म्हणजे माणसाने डोळ्याने बघणं असं धरल्यामुळे झालाय. व्हिएन्नात १९९९ साली ६० कार्बन अणूंच्या रेणूंनीही लाटेसारखी पट्ट्यापट्ट्यांची नक्षी दाखवली, म्हणजे एकेक रेणू एकाच वेळी अनेक वाटांनी गेल्यासारखा वागला. पुढे २००४ मध्ये तिथेच ७० कार्बनचे रेणू लेझरने तापवत नेले, तर ते वाटेतच स्वतःहून प्रकाश बाहेर टाकायला लागले आणि नक्षी पुसट होत होत गेली. तो प्रकाश कोणी बघत बसलं नव्हतं! रेणू कुठून गेला याची खूण प्रकाशाबरोबर बाहेर पडली, तेवढ्यानेच काम झालं. मग चेंडू, टेबल, चंद्र यांची काय कथा, त्यांच्यावर हवेचे रेणू नाहीतर सूर्यप्रकाश सतत आदळतोय, वर ते स्वतः उष्णता फेकतायत. एकाच वेळी दोन ठिकाणी असण्याची भानगड तिथे कल्पनेत धरता येणार नाही इतक्या लवकर संपते, कोणी बघो न बघो.

चंद्राचं तर उलटंच सांगितलंय. ‘मी बघतो तेव्हाच चंद्र असतो असं तुला खरंच वाटतं का’ असं आइनस्टाइनने आपल्या सहकाऱ्याला विचारलं होतं, ते या कल्पनेवरचा आक्षेप म्हणून. आक्षेप घेणाऱ्यालाच साक्षीदार करून टाकलं.

“भिंतीतून आरपार.” इलेक्ट्रॉन जातो, खरंय. तुमच्या फोनच्या स्टोरेजमध्ये हा फॉरवर्ड साठवला गेला तोच मुळी इलेक्ट्रॉन काही नॅनोमीटर जाडीच्या इन्सुलेटरमधून आरपार गेल्यामुळे. पण वजन आणि अडथळ्याची जाडी वाढली की ही शक्यता नुसती कमी होत नाही, कोसळते. माणूस आणि विटांची भिंत यासाठी जो आकडा येतो त्यातली शून्यं लिहायला कागद पुरणार नाही. प्रयोग करू नका, टेंगूळ मात्र निश्चित येईल.

“मनात आणलं की वास्तव बदलतं.” क्वांटमच्या गणितात प्रत्येक निकालाची शक्यता निघते, आणि त्या सूत्रात बघणाऱ्याच्या इच्छेसाठी जागाच नाहीये. विषय संपला.

राहिला एक प्रामाणिक प्रश्न, की मग मोठ्या वस्तूंमध्ये हे कधीच जाणवत नाही का? जाणवतं, पण त्यासाठी लायगोसारखी, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी यंत्रणा लागते. अमेरिकेतल्या लायगोचे आरसे ४० किलोचे, चार किलोमीटरच्या अंतरावर टांगलेले, आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी हालचाल पकडणारे. २०२० मध्ये तिथे दाखवलं गेलं की प्रकाशातली क्वांटम थरथर या आरशांना खरोखर हलवते, किती, तर मीटरमध्ये दशांशचिन्हानंतर १९ शून्यं आणि मग १. ही थरथर शून्य करता येत नाही, म्हणून तिथे ‘स्क्वीझ’ केलेला प्रकाश वापरतात, एका बाजूची अनिश्चितता दाबायची आणि दुसऱ्या बाजूची वाढू द्यायची, गुणाकाराची अट पाळूनच. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला असंच चार किलोमीटर भुजांचं लायगो-इंडिया उभं राहायचंय, केंद्राची मंजुरी २०२३ मध्ये मिळाली. तिथेही हायझेनबर्गचा तोच आकडा आडवा येणार.