“ग्रीन कार्डपर्यंत सोसा” म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

काल फॅमिली ग्रुपवर मावशीने तो मेसेज टाकला, “अमेरिकेत मुलगी दिलेल्या आईवडिलांनी जरूर वाचा” वाला. तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय की मुलीने ९११ (अमेरिकेतला पोलिसांचा आणीबाणीचा नंबर) लावला तर दोघंही डिपोर्ट होतात, नवरा-बायकोत जबरदस्ती वगैरे काही नसतं, बायकांच्या संस्था घरं मोडतात, आपल्या शिकलेल्या घरांत असलं होतच नाही, म्हणून ग्रीन कार्ड येईपर्यंत मुलीला सोसायला सांगा. मावशीची स्वतःची मुलगी गेल्या वर्षी लग्न होऊन इथे न्यू जर्सीत एडिसनला आलीये, एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या बायकोच्या व्हिसावर. तिनेही तो वाचला. म्हणून लिहितेय.

आधी शेवटचं घेते, कारण तेच सगळ्यात घातक आहे. ग्रीन कार्ड येईपर्यंत म्हणजे किती वर्षं? भारतात जन्मलेल्यांची नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाची रांग दहा वर्षांच्या वर गेलीये, लोकांची पोरं पहिलीतून हायस्कूलला जातात तरी नंबर लागत नाही. तोवर मार खायचा? माझ्या एका मैत्रिणीने चार वर्षं खाल्ला. पासपोर्ट नवऱ्याच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, बँकेत हिचं नाव नाही, कामाची परवानगी नाही, आणि उठता-बसता एकच, “तुझा व्हिसा कॅन्सल करीन.” हेल्पलाइनचा नंबर तिने “पोळीवाल्या काकू” म्हणून सेव्ह केला होता, आणि फोन करायची ती बिल्डिंगच्या लॉन्ड्री रूममधून, ड्रायर चालू करून, म्हणजे आवाज बाहेर जायला नको.

९११ चं. तिचा व्हिसा व्हॅलिड असेल तर तिला डिपोर्ट कशासाठी करतील, मार खाणं हा गुन्हा आहे का? न्यू जर्सीत पोलिसांना अंगावर माराच्या खुणा दिसल्या तर मारणाऱ्याला अटक करावीच लागते. रेस्ट्रेनिंग ऑर्डर, म्हणजे त्याने जवळ येऊ नये असा कोर्टाचा हुकूम, रात्री-अपरात्रीही मागता येते, फी नाही, आणि व्हिसा कुठला याच्याशी तिचा संबंध नाही. आता त्या मेसेजातलं अर्धं खरं आहे ते मान्य करावंच लागेल. तिचा एच-४ त्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर टांगलेला असतो, त्याला शिक्षा झाली तर दोघांचाही व्हिसा अडचणीत येऊ शकतो, आणि घटस्फोट झाला की तिचा एच-४ संपतो. पण नुसतं वेगळं राहिल्याने संपत नाही. आणि वाटा आहेत. गुन्ह्याच्या तपासात पोलिसांना मदत करणाऱ्या पीडितांसाठी यू व्हिसा आहे, २००० च्या कायद्यातला, फक्त वर्षाला १०,००० च देतात त्यामुळे वर्षानुवर्षं थांबावं लागतं. छळ झालेल्या एच-४ बायकांना २०१७ पासून आय-७६५व्ही फॉर्म भरून स्वतःचं वर्क परमिट मागता येतं. आणि नवरा सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर १९९४ च्या वावा (बायकांवरच्या हिंसाचाराविरुद्धच्या) कायद्याखाली ती ग्रीन कार्डासाठी स्वतः अर्ज करू शकते, त्याची सही लागत नाही, त्याला कळवतही नाहीत.

जबरदस्तीचं तर वाचूनच डोकं फिरलं. भारतात बलात्काराच्या कायद्यात अजून नवऱ्याला अपवाद ठेवलाय हे खरं, पण अमेरिकेत १९९३ पासून सगळ्या ५० राज्यांत तो गुन्हा आहे. आणि भारतातसुद्धा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ येतो. लग्न झालं म्हणून बाईचं “नको” संपत नाही.

आपल्यात होत नाही म्हणणाऱ्यांनी २००२ चा राज आणि सिल्व्हरमन यांचा बॉस्टनचा अभ्यास बघा. १६० दक्षिण आशियाई बायका, त्यातल्या ४०.८ टक्के जणींनी सांगितलं की सध्याच्या जोडीदाराने मारलंय किंवा लैंगिक जबरदस्ती केलीये. सॅम्पल छोटा आहे, सगळ्या अमेरिकेला तोच आकडा लावू नका. पण त्यातल्या छळ झालेल्यांपैकी रेस्ट्रेनिंग ऑर्डर घेतलेल्या किती, तर ३.१ टक्के. बाकीच्या गप्प होत्या, म्हणून आपल्याला वाटतं की होत नाही.

संस्थांचं थोडक्यात. न्यू जर्सीत “मानवी” १९८५ पासून आहे, न्यूयॉर्कला “सखी”, बे एरियात “मैत्री”. माझ्या मैत्रिणीला हेल्पलाइनवरच्या बाईने पहिल्या फोनला घटस्फोट हा शब्दही काढला नाही, एवढंच विचारलं की आत्ता बोलायला सेफ आहेस ना.

मावशी, तू काळजीनेच पाठवलंस, कळतं मला. पण तो मेसेज काढ, आणि आज मुलीला फोन कर, जावई घरी नसताना. पासपोर्ट कुणाकडे असतो ते विचार, आणि पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद), लग्नाचं सर्टिफिकेट, सगळ्याचे फोटो तुझ्याकडे मागवून ठेव.