भाऊजी, तुमचा तो एमआरआय

सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर भाऊजींचा व्हॉइस मेसेज. "तिकडे साधा एमआरआय काढून देत नाहीत! इकडे असतीस तर दुपारपर्यंत रिपोर्ट हातात." खाली सगळ्यांचे अंगठे. टाळकंच फिरलं. तिथे भांडण नको म्हणून इथे लिहितेय.

भाऊजी, मला चमक भरली तेव्हा मी इंग्लंडात, लेस्टरमध्ये माझ्या स्वयंपाकघरात फरशीवर आडवी होते. इथे वॉशिंग मशीन ओट्याखाली असतं. ओले कपडे काढायला वाकले आणि कंबरेत अशी कळ गेली की उठताच येईना. फोन वर चार्जिंगला. वायर ओढून ओढून तो खाली पाडला, तोही नेमका नाकावर. त्या वेळी मला हाताला धरून उठवणारं माणूस हवं होतं हो, स्कॅन नव्हे!

आणि स्कॅन काढून करायचं काय? इथल्या डॉक्टरांसाठी २०१६ पासून नाइसच्या, म्हणजे उपचार कसे करावेत हे ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, सूचनाच आहेत की साध्या कंबरदुखीला सरसकट स्कॅन नको, माणसाला हिंडतंफिरतं ठेवा. चाळिशी उलटल्यावर मणक्यात थोडीफार झीज बहुतेकांच्या दिसते. मग तो रिपोर्ट उशाशी घेऊन, पट्टा आवळून महिनाभर पडून राहायचं, हेच ना?

१११ ला, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या हेल्पलाइनला, फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, लघवीवर ताबा आहे ना? मांड्यांच्या मध्ये बधिर वाटतंय? पायांतली ताकद गेलीय? यातलं एक जरी 'हो' असतं तर तडक इमर्जन्सी, आणि मग एमआरआयसुद्धा. नव्हतं, म्हणून गोळ्या, शेक आणि जमेल तसं चालणं.

बरं, मान्य. जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, रिसेप्शनवर "उद्या आठला फोन करा" ऐकून मी रडले होते आणि फिजिओची रांग मारुतीचं शेपूट आहे. पण "सरकारी, फुकटचं असंच असतं" हे कुणी म्हणू नका. व्हिसाबरोबर माणशी वर्षाला १०३५ पौंड आरोग्याचा अधिभार आगाऊ मोजलाय आम्ही. पगारातून कापतात ते वेगळंच.

तर त्या फरशीवरून मला उठवलं शेजारच्या बांनी, म्हणजे आजींनी. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या गुजराती कुटुंबातल्या. माझी जादा किल्ली त्यांच्याकडे असते. आधी कुशीवर वळवलं, मग गुडघ्यांवर, मग खुर्ची धरून उभं. संध्याकाळी मुगाची खिचडी. दुसऱ्या दिवशी मोजेसुद्धा त्यांनीच घातले, ऐंशीच्या घरातल्या बाईने! मला इतकं ओशाळायला झालं.

आईने व्हिडिओ कॉलवर फर्मान काढलं, "कुणी पायाळू बघ आणि पाठीला पाय लावून घे." बांना विचारलं, तर म्हणाल्या, धाकटा पायाळूच आहे, पण तो टोरंटोला. दोघी हसलो. मी हसले ते महागात पडलं.

लिहिता लिहिता राग उतरत होता खरं तर. पण मग आत्या आठवली. पुण्यात एकटी राहते, तिचीही कंबर अशीच धरली होती. एमआरआय? झाला ना, दुपारपर्यंत! पण रात्री संडासला जायला तिला कुणी धरलं? भिंतीला टेकत टेकत गेली ती. तुम्ही दहा मिनिटांवर राहता, भाऊजी. गेला होतात?