उलट्या म्हणजे ‘ऑपरेशन यशस्वी’? त्या फॉरवर्डला उत्तर

वजनाच्या ऑपरेशननंतर काय करावं, याचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. ‘पहिले चाळीस दिवस, सात नियम’ असं त्याचं नाव. खाली ना डॉक्टरचं नाव, ना हॉस्पिटलचं. शेवटी हात जोडल्याचे इमोजी मात्र आहेत, आणि बहुधा त्यांच्याच पुण्याईनं तो एवढा पसरला असावा. माझ्या नणंदेची स्लीव्ह सर्जरी, म्हणजे जठर कापून लहान करण्याचं ऑपरेशन, झाली आहे. दोन-तीन नातेवाइकांनी तिला हा मेसेज काळजीपोटी पाठवला, तिनं तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘वहिनी, म्हणजे माझं सगळं बरोबरच चाललंय ना?’ तिला तेव्हा रोज उलट्या होत होत्या. सर्जनला तिनं कळवलंच नव्हतं. कारण नियम क्रमांक एक.

तो असा आहे: ‘उलट्या होणे हे ऑपरेशन यशस्वी झाल्याचे लक्षण आहे. शरीर वर्षानुवर्षांची घाण बाहेर टाकते. घाबरून डॉक्टरांना फोन करू नये.’

बाकीचे सहा नियम नसते आणि हा एकटाच असता, तरी मी हे लिहिलं असतं.

त्यातलं अर्धं सत्य आधीच देऊन टाकते, म्हणजे नंतर कुणी ते माझ्या तोंडावर फेकायला नको. पहिले एक-दोन दिवस मळमळ होते, काहींना उलटीही होते. भुलीचा परिणाम असतो, आत सूज असते. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरते एक अरुंद नळी. बायपास या वजनाच्याच दुसऱ्या ऑपरेशनमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी ठेवतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. एवढ्याशा जागेत घाईघाईनं मोठा घोट गेला तर तो परत येणारच. अशी एखादी उलटी पुढेही कधीमधी होते. इथवर मान्य.

पण घाण कसली? बाहेर पडतं ते तुम्ही नुकतंच मुश्किलीनं आत घातलेलं पाणी आणि प्रोटीन. नणंदेच्या उशाशी औषध मोजायचे छोटे प्लास्टिकचे पेले होते, प्रत्येकी ३० मिलिलिटरचे. एक पेला घोट-घोट संपवायचा, पालथा ठेवायचा, घड्याळ बघायचं, मग दुसरा. दिवसाला दीड लिटर द्रव पोटात जायला हवं म्हणजे असे पन्नास पेले. उलटी झाली की पालथ्या पेल्यांमधले कितीतरी हिशेबातून गेले. पुन्हा भरून काढायला दिवसाचे तास पुरत नाहीत. अशा रुग्णांना पुन्हा दाखल करावं लागण्याची जी नेहमीची कारणं आहेत, त्यांत उलट्या आणि शरीरातलं पाणी कमी होणं फार वर येतं. आणि वारंवार उलट्या होण्यामागे दर वेळी घाईचा घोटच असतो असंही नाही. जठराची नळी किंवा बायपासमधला जोड आतून आवळला गेलेला असू शकतो. तो दुर्बिणीनं रुंद करता येतो, पण त्यासाठी आधी कुणाला तरी कळवावं लागतं ना!

खरी भीती याच्या पुढची आहे, आणि तिच्याबद्दल त्या मेसेजमध्ये अवाक्षर नाही. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, शरीर फार साठवून ठेवत नाही. सगळा मिळून साठा साधारण ३० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि आवक थांबली तर तो दोन-तीन आठवड्यांत संपतो. साखरेपासून ऊर्जा काढायला पेशींना हे थायमिन लागतं, आणि मेंदू तर साखरेवरच चालतो. त्यामुळे साठा संपला की पहिला फटका मेंदूला आणि नसांना. एकाचे दोन दिसणं, डोळ्यांची बुबुळं थरथरणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ. ही सगळी लक्षणं एकत्र दिसतीलच असं नाही, एखाद्याच लक्षणावरही शंका घ्यावी लागते. वेळेत थायमिन दिलं तर माणूस सावरतो. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

या आजाराला वेर्निकेचं नाव आहे. जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं ते तीन रुग्णांवरून. त्यांतले दोघे अति दारू पिणारे पुरुष होते, म्हणून हा ‘दारुड्यांचा आजार’ अशी समजूत पक्की झाली. तिसरी होती शिवणकाम करणारी एक तरुण मुलगी. आम्ल पोटात गेल्यामुळे तिच्या जठराची वाट आक्रसली होती आणि तिच्या उलट्या थांबत नव्हत्या. म्हणजे जठराला इजा, मग सततच्या उलट्या, मग मेंदूवर परिणाम ही साखळी या आजाराच्या अगदी पहिल्या नोंदीतच आहे. दारूचा थेंबही न घेणाऱ्या माणसाच्या घरच्यांना मात्र ती सुचत नाही. त्यांना वाटतं अशक्तपणा आहे, झोप झाली नाही, म्हणून अडखळतोय.

आता नियम क्रमांक दोन वाचा: ‘पहिले तीन महिने व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊ नयेत. जठर नाजूक असते. शरीरात भरपूर साठा असतो.’ नियम एकनं उलट्या लपवायच्या आणि नियम दोननं जीवनसत्त्वं बंद करायची. ठरवून कुणाला इजा करायची असती तरी इतकी नेमकी जोडी जमली नसती.

‘तुमच्याकडे काय पुरावा?’ असं आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर विचारलं गेलंच. अमेरिकेतल्या बॅरिॲट्रिक, म्हणजे वजनाचं ऑपरेशन करणाऱ्या, सर्जनांच्या संघटनेनं २०१६ साली खास पोषणद्रव्यांवरच्या मार्गदर्शक सूचना सुधारून प्रसिद्ध केल्या. त्या नियम दोनच्या बरोबर उलट सांगतात. थायमिन रोज किमान १२ मिलिग्रॅम, धोका जास्त असेल तर ५० ते १०० मिलिग्रॅम. बी-१२ तोंडावाटे रोज किमान ३५० मायक्रोग्रॅम. स्लीव्ह आणि बायपास झालेल्यांना कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, तेही विभागून. पाळी चालू असलेल्या बायकांना आणि बायपास किंवा स्लीव्ह झालेल्यांना लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम. तुमच्या सर्जननं याहून वेगळा डोस लिहून दिला असेल तर तोच घ्या, माझा लेख बघून बदलू नका. पण त्या सूचनांमधलं माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचं वाक्य डोसांबद्दलचं नाही. थायमिन कमी झाल्याची शंका आली तर रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू करावेत, असं त्यात म्हटलंय. जिथे तज्ज्ञ रिपोर्टसाठीसुद्धा थांबू नका म्हणतात, तिथे हा मेसेज चाळीस दिवस गप्प बसायला सांगतो.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी. उलट्या झाल्या म्हणून जवळच्या दवाखान्यात नेलं तर पटकन ग्लुकोजची सलाइन लावली जाते. थायमिन आधीच संपत आलेलं असताना नुसतं ग्लुकोज दिलं तर त्रास वाढू शकतो. ‘वजनाचं ऑपरेशन झालंय, इतक्या दिवसांपासून उलट्या आहेत, आधी थायमिन द्यायचं का?’ एवढं विचारायला वैद्यकीय पदवी लागत नाही. नणंदेच्या बाबतीत सर्जननं फोनवर पहिलंच वाक्य म्हटलं ते, ‘आजच या.’ थायमिनचं इंजेक्शन आधी, सलाइन नंतर. ती आता ठीक आहे.

आता नियम क्रमांक तीन. ‘रडू येणे, पश्चात्ताप होणे हे मन कमकुवत असल्याचे लक्षण आहे. वजन उतरले की मन आपोआप आनंदी होते. डिप्रेशनच्या गोळ्या लगेच बंद कराव्यात.’

हे लिहिणाऱ्यानं पोटावर ताजे टाके असताना, दिवसाला जेमतेम काहीशे कॅलरी पोटात जात असताना एक आठवडा काढून दाखवावा आणि मग मनाच्या ताकदीवर बोलावं. झोप तुटक, अंगात त्राण नाही, तोंडाला विचित्र चव. त्यात थकवा आला, राग आला, एकटं वाटलं की ज्या गोष्टीकडे आजवर वळायचो, ते खाणंच हातातून काढून घेतलेलं. बाकीचे ताटावर बसलेत आणि आपण हातात तो इवलासा पेला धरून. भूक पोटात नसते, डोक्यात असते, आणि ती फार छळते. ‘हे मी का करून घेतलं?’ हा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कितीतरी जणांना पडतो. त्याचा अर्थ निर्णय चुकला असा नाही, आणि मन कच्चं आहे असा तर मुळीच नाही. वर ‘सोपा मार्ग निवडलास की’ म्हणणारे भेटतातच. त्यांना पन्नास पेल्यांचा हिशेब सांगा.

या काळात जेवणाच्या वेळी दुसऱ्या खोलीत जाऊन बसावंसं वाटलं तर खुशाल बसा, घरच्यांनी त्यात मानापमान शोधू नये. वजनकाट्यावर रोज उभं राहू नका. कुणातरी एकाला आधीच सांगून ठेवा की मला रडू आलं तर सल्ला नको, फक्त बस. आणि उदासी दोन आठवडे हटतच नसेल, किंवा जगणं नको असा विचार एकदाही मनात आला, तर त्याच दिवशी डॉक्टरला सांगा. पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका.

गोळ्यांचं तर विचारूच नका. अर्धं सत्य इथेही आहे: वजन उतरायला लागल्यावर पहिल्या वर्षात अनेकांचं मन खरंच हलकं होतं. पण ‘अनेकांचं’ म्हणजे ‘सगळ्यांचं’ नव्हे, आणि ‘आपोआप’ तर नव्हेच. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात ही शस्त्रक्रिया झालेल्या ८,८१५ जणांचा ऑपरेशनच्या आधीची आणि नंतरची तीन-तीन वर्षं मागोवा घेतला गेला. स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीच्या विभागात येण्याचं प्रमाण नंतरच्या काळात साधारण दीडपट निघालं. एकूण संख्या कमीच होती, हेही सांगायला हवं. पण अशी इजा करून घेतलेल्यांतले बहुतेक जण आधीपासून मानसिक आजाराचं निदान झालेले होते. म्हणजे ज्यांना हा मेसेज गोळ्या फेकून द्यायला सांगतोय, नेमके तेच. ऑपरेशननंतर काही औषधांचं शोषण बदलतं, विशेषतः हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांचं. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन डोस आणि गोळीचा प्रकार तपासून घ्यायचा. बंद करायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं.

बाकीचे नियम भराभर उरकते.

चौथा म्हणतो, चाळीस दिवस अंथरुणावरच राहा, चाललात तर टाके तुटतील. जड उचलू नये हे बरोबर, चालू नये हे घातक. पडून राहिलं की पायातल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होते आणि ती फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं. म्हणून तर बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात. पाचवा म्हणतो, दुखलं तर घरातली कुठलीही पेनकिलर चालेल. नाही चालणार. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्यांनी, विशेषतः बायपासमध्ये, जोडाजवळ अल्सर होतो. सर्जननं लिहून दिलेलंच घ्या. सहावा, ‘तिसऱ्या आठवड्यात वजन थांबले तर कडक उपवास करावा.’ वजन थांबतं हे खरं. सुरुवातीला झपाट्यानं उतरतं त्यात शरीरातल्या साखरेच्या साठ्याबरोबर जाणारं पाणी बरंच असतं, मग काही दिवस काटा हलत नाही. तो आपला आपण हलतो. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रोटीन पोटात जावं म्हणून आधीच मारामार, त्यात उपवास केला तर झिजतात ते स्नायू.

सातवा नियम, हळू खा, नीट चावून खा, जेवताना पाणी पिऊ नका, हा बरोबर आहे. कुठून तरी उचललेला असणार.

हा मेसेज ज्यांच्याकडे आहे आणि ज्यांच्या घरात कुणाचं ऑपरेशन झालंय, त्यांनी तो पुसून त्या जागी सर्जनचा नंबर जतन करावा. फोन लावण्याआधी चार गोष्टी कागदावर घ्या: चोवीस तासांत किती उलट्या झाल्या, किती द्रव पोटात टिकलं, लघवी किती वेळा झाली आणि तिचा रंग, आणि नाडीचे ठोके. शांत बसलेलं असतानाही ठोके मिनिटाला १२०च्या वर राहत असतील, ताप असेल, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखत असेल तर आतून गळती होत असू शकते. पहिले दोन दिवस ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या गॅसमुळेही खांदा दुखतो, पण ते ठरवायचं काम सर्जनचं. पोटरी एका बाजूला सुजली, धाप लागली, एकाचे दोन दिसले किंवा चालताना भेलकांडलं, तर कागदही राहू द्या. सरळ तातडीच्या विभागात न्या आणि ऑपरेशनची फाइल बरोबर घ्या.