साखळीनं प्रश्न सुटत नाही

‘पाहुणे आले की कुत्र्याला दाराजवळ साखळीनं बांधा, सवयीनं गप्प बसेल’ हा लेखातला सल्ला अजिबात पटला नाही. बांधलेल्या कुत्र्याला मागं सरकायला जागाच नसते, म्हणून ते जास्त चवताळतं. शिवाय दूधवाला, मीटर बघणारा असे लोक येतात, ते भुंकतं आणि ते लोक निघून जातात. त्याच्या हिशेबी त्यानंच हाकललेले असतात! मग रोज जोर वाढणारच.

आमचं घर यावल तालुक्यात, केळीच्या मळ्यात. कटाईच्या दिवसांत मजुरांची ये-जा, आणि थंडीत भरीत पार्टी म्हटली की जळगाव-भुसावळकडचे नातेवाईक गाड्या भरून येतात. आमचा मोती गाडीचा आवाज आला तरी फाटकावर झेपावायचा. आता त्याची जागा मागच्या पडवीत, गोणपाटावर. फाटक वाजलं की तिथं जाऊन बसायचं, म्हणजे उकडलेल्या अंड्याचा तुकडा मिळतो. हे आधी घरच्याच माणसांना फाटक वाजवायला लावून शिकवलं, खरे पाहुणे नंतर. आलेल्यांनी त्याच्याकडे बघायचं नाही, हात पुढं करायचा नाही. वास घ्यायला तो स्वतःहून येतो. (सगळ्यात अवघड काम म्हणजे मामा-मावश्यांना हे पाळायला लावणं. ‘मले काही करत नाही तो’ म्हणत डोक्यावर हात ठेवतातच.) आणि लाडानं त्याला भरीत तर मुळीच घालू देऊ नका, कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी असतो.